एक ठोका म्हणजे हो

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक फळा आहे. तोडफोडीची कामं सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते सहा एवढ्याच वेळात करावीत, असं त्यावर रंगानं लिहिलेलं आहे. हा नियम माझ्याच भांडणातून आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी ऐन दुपारी ड्रिल लावलं, तेव्हा मी तरातरा वर जाऊन त्यांना चार शब्द सुनावले होते. त्यामुळे आईच्या खोलीत काम काढायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी जरा दबूनच होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणायला नको.

काम तसं लहान होतं. आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण इस्पितळात ती दिवसेंदिवस खंगत चालली होती. अन्न जात नव्हतं. मी गेले की एकच विचारायची, "घरी कधी नेतेस गं?" चाकाची खुर्ची फिरेल अशी खोली तयार झाली की सोडतो, असं डॉक्टर म्हणत होते. तिच्या खोलीत शेजारच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक लांबलचक कट्टा होता. वडिलांनी ट्रंका ठेवायला तो बांधून घेतला होता. तो फोडायचा, तिथं पलंग लावायचा आणि भिंतीत आधाराची लोखंडी दांडी बसवायची.

भिंतीपलीकडे शिकवणीच्या बाई राहतात. एकट्याच असतात. त्यांच्याकडे मुलांची ये-जा सुरू असते, पण अमुक वेळेला अमुक वर्ग असं काही नसतं. मी विचारायला गेले तर त्या संकोचून म्हणाल्या, "फळ्यावरच्या वेळेतच माझी मुलं येतात हो ताई. मध्ये मध्ये मी रिकामी असते, पण कधी ते मलाच माहीत नसतं."

यावर मिस्त्रीनं तोडगा काढला. मिस्त्री वयस्कर, मितभाषी, आणि भिंतीच्या बाबतीत भलताच सोवळा. सामाईक भिंतीला विचारल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, हा त्याचा शिरस्ता. "मी हातोडीच्या दांड्यानं एकदा ठोकणार," तो बाईंना म्हणाला. "तुम्ही एक ठोका दिलात तर हो. दोन दिलेत तर आम्ही थांबलो. पुन्हा थोड्या वेळानं विचारू."

मला ही पद्धत एकदम पटली. मी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन द्यायचा, आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. पुष्कळ लोक मी आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबतात. त्यात गूढ काही नाही. माणूस वाट बघायला लागला की त्याला ऐकू येतं. मला भास सहजासहजी होत नाहीत, एवढं समजावं म्हणून हे सांगितलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मिस्त्री ठोकायचा, पलीकडून टक् असं उत्तर यायचं आणि छिन्नी सुरू व्हायची. कधी दोन यायचे. मग आम्ही चहा करायचो, मिस्त्री खिडकीत बसून बिडी ओढायचा, आणि पुन्हा विचारलं की एक यायचा. कट्ट्याचा दारापासचा भाग निघाला. मी आईला ते सांगितलं, एक-दोन ठोक्यांची पद्धतही सांगितली, तेव्हा ती अर्धी पोळी जास्त जेवली.

मग दोन ठोके वाढायला लागले.

एके दिवशी सकाळी सकाळी दोन. चहानंतर दोन. जेवणाआधी दोन. चारनंतरही दोनच. दुसऱ्या दिवशीही तेच. मिस्त्री हातोडी मांडीवर ठेवून बसून राहायचा. मी आतल्या आत चरफडत होते. बाईंच्या सभ्यपणाचा मला संताप यायला लागला. तोंडावर हो म्हणायचं आणि भिंतीआडून नाही, हा कुठला शेजारधर्म? त्यातच इस्पितळातून फोन आला. खाट हवी होती. परवा आईला न्या, नाहीतर दुसरीकडे सोय बघा.

मी तडक बाईंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. घरात एकही मूल नव्हतं.

"बरं झालं आलात," मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या. "काम बंद का पडलंय? आईंचं ठीक आहे ना?"

"तुम्हीच नको म्हणताय ना, बाई."

"मी?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मी दरवेळी एक ठोका द्यायला हात उचलते, तोवर तुमच्याकडूनच दोन येतात. मला वाटलं, मिस्त्रीच नको म्हणतोय."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि ठोकायला सांगितलं. बाईंना हात मागे घ्यायला लावले. मी भिंतीला कान लावून उभी राहिले.

मिस्त्रीचा ठोका आला. थोडा वेळ गेला.

मग दोन आले. सावकाश, एकामागून एक.

"नको म्हणतायत ताई," फोनवर मिस्त्री म्हणाला.

बाई खोलीच्या मधोमध हात मागे बांधून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी मनात कारणं लावून पाहिली. पाण्याचा पाइप असेल. पण त्या भिंतीत पाइप नव्हता. प्रतिध्वनी असेल. पण एकाचे दोन करणारा आणि मध्ये थांबून विचार करणारा प्रतिध्वनी मी तरी ऐकलेला नाही. आवाज भिंतीच्या या अंगाचा नव्हता, त्या अंगाचाही नव्हता. भिंत वीतभर जाडीची. आवाज त्या वितीतला होता.

घरी येऊन मी मिस्त्रीला म्हटलं, "आता विचारणं पुरे. सरळ फोडा."

त्यानं मान हलवली. "विचारलं नसतं तर फोडलं असतं, ताई. विचारून नाही आल्यावर कसं फोडू?"

"अहो, ठोके बाई देत नाहीत हे कळलं ना आता?"

"म्हणून तर."

मला रडू यायचं बाकी होतं. आई परवा येणार होती. मी त्याच्या पुढ्यातली छिन्नी-हातोडी उचलली आणि कट्ट्यावर घाव घातला. माझा हात कच्चा, घाव वेडावाकडा पडला. भिंतीतून लगेच दोन ठोके आले. मी दुसरा घाव घातला. पुन्हा दोन. मी घालत गेले, ते येत गेले. त्यात राग नव्हता. तुम्हाला सांगितलं होतं ना, असं कुणी शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणावं, तसे ते होते.

मग ते थांबले. ती शांतता मला ठोक्यांपेक्षा वाईट वाटली. "अर्धवट टाकणं आणखी वाईट," म्हणत मिस्त्रीनं माझ्या हातातून हातोडी घेतली आणि उरलेलं काम पुरं केलं. दांडी बसवली, गिलावा केला. जाताना त्यानं भिंतीला पाठ दाखवली नाही. दारापर्यंत उलटा चालत गेला.

आई ठरल्या दिवशी घरी आली. पलंगावर निजवल्यावर तिनं छताकडे, खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं आणि तिला भरून आलं. मलाही. दुपारी ती वाटीभर भात जेवली. मी तिला भिंतीतल्या त्या ठोक्यांबद्दल काहीच बोलले नव्हते. कशाला उगाच घोर लावायचा?

संध्याकाळी शिकवणीच्या बाई तिला भेटायला आल्या. ती डोळे मिटून होती, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. दोघींनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही.

आतून आवाज आला. एकच. टक्.

बाईंनी कप खाली ठेवला.

मग दुसरा आला. हा वेगळा होता, लोखंडावर अंगठी आपटल्याचा. तोही एकच.

मी धावले. आईचा हात दांडीवर होता. ती प्रसन्न दिसत होती.

"कोण होतं, आई?"

"शेजारचे गं. काम काढायचंय म्हणे, सुरू करू का विचारत होते." मग तिनं माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहून ती ओळखीचं हसली आणि मला म्हणाली, "मी दुपारपासून नकोच म्हणत होते, तुझा डोळा लागला होता म्हणून. पण किती वेळ अडवायचं? आपला धडधडाट त्यांनीही सोसलाच की. म्हटलं, करा बापडे."

बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

भिंतीच्या आत काम सुरू झालं.

आवाज हळू होता. निजलेल्या माणसाची काळजी घेत कुणीतरी काम करावं, तसा. ताज्या गिलाव्याचा एक कण सुटून उशीवर पडला. मग दुसरा.

"आई, माझा हात धर," मी म्हटलं.

"थांब गं."

कूस बदलायलाही दोन माणसं लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई एकटीच, सहज, पलंगाच्या अलीकडच्या कडेला सरकली, आणि भिंतीकडची अर्धी चादर तिनं हातानं नीट सपाट केली.