ॲकलमचं वाक्य

चहा घ्या, टोस्ट घ्या, आणि ते मागचं दार लोटा कुणीतरी, समुद्राचा वारा थेट माझ्या मानेवर येतोय. कॉलम, तू इथे समोर बैस. आज तालमीत नाटकाचं शेवटचं वाक्य मोठ्यानं म्हणून खिदळलास ना, त्यावरून बोलायचंय. रागवणार नाही, तेवढा दम आता माझ्यात उरलेला नाही. एक हकिगत सांगतो, ती ऐक आणि मग खुशाल खिदळ.

भुतंखेतं मला माहीत नाहीत. मला रेज टॅटरसल माहीत होता.

रेजचा चेहरा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, नाव एकालाही माहीत नसेल. टीव्हीवर खुनाच्या मालिकेत पहाटे कुत्रा फिरवताना ज्याला प्रेत सापडतं ना, तो म्हातारा रेज. गाडी उशिरा आली म्हणून माफी मागणारा स्टेशनमास्तर रेज. ‘साहेब, पाहुणे आलेत,’ म्हणून दार धरून उभा राहणारा बटलर, तोही रेज. रस्त्यात बायका त्याला अडवायच्या आणि म्हणायच्या, अहो, तुम्ही कशात तरी होता ना? रेज म्हणायचा, हो, कशात तरी होतो. माझ्या थडग्यावर एवढंच कोरा, असं आम्हाला सांगायचा, आणि त्यात गंमत कमी आणि वैताग जास्त असायचा. जन्मभर तो दुसऱ्यांसाठी दारं उघडत आला होता.

आणि त्याचं दुखणं होतं हर्बर्ट ॲकलम. दोघं एकाच नाट्यशाळेत शिकले, दोघांचं नाक लांब, दोघांना तीच तीच कामं. ऑडिशनच्या बाकावर शेजारी शेजारी बसून दोघं म्हातारे झाले. याला पाद्री मिळाला तर त्याला थडगी खणणारा मिळायचा. पण उतारवयात ॲकलमचं नशीब फळफळलं. कुठल्याशा मालिकेत त्यानं एक चिडका दीपगृहवाला केला, तो लोकांना आवडला, आणि आमच्या नाटकात त्याला थेट मुख्य भूमिका मिळाली. निवृत्त न्यायाधीशाची.

मी त्या नाटकात माळी होतो. रेज डॉक्टर. दुसऱ्या अंकात यायचं, एकाची नाडी बघायची, ‘गेले’ म्हणायचं, आणि स्वतःही जायचं. शिवाय तो ॲकलमचा बदली नट होता. बदली नट म्हणजे काय ते तुम्हाला अजून कळायचंय. दुसऱ्याची सगळी वाक्यं पाठ करायची, तो आजारी पडावा असं मनात आणायचं, आणि मग घरी जाऊन स्वतःची लाज वाटून घ्यायची. ॲकलम तर घोड्यासारखा धडधाकट. रेज म्हणायचा, हा माणूस मला शिंकसुद्धा देत नाही रे.

नाटकात त्या न्यायाधीशाला त्याचे घरचे काही विचारत नाहीत. घर विकायचं ठरतं, त्याला कुठल्या वृद्धाश्रमात टाकायचं ते ठरतं, सगळं परस्पर. अगदी शेवटी तो काठी टाकून उभा राहतो आणि म्हणतो, ‘इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आता विचारा.’ पडदा. आता हे म्हणायला हरकत नाही, ते नाटक होऊन गेलं. पण तालमीत ते वाक्य कुणी म्हणायचं नाही, हे आमच्या जुन्या लोकांचं ठरलेलं. प्रेक्षक बसेपर्यंत नाटक अपुरं ठेवायचं. रिकाम्या थिएटरात पुरं केलंत तर ते ऐकायला कोण येऊन बसेल, त्याचा भरवसा नाही. म्हणून ॲकलम तालमीत त्या जागी नुसता नाकातून गुणगुणायचा. डावा हात जरा वर करायचा आणि, हं हं हंऽ हं हं... हं हंऽ. रोज तेच. रेज खाली खुर्चीत बसून ते बघायचा आणि दात खायचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्रिडलिंग्टन. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. दुपारी रंगीत तालमीचा पहिला अंक झाला, ॲकलम मेकअपच्या खोलीत चीज सँडविच घेऊन बसला, आणि बसल्या जागी आटोपला. खऱ्या डॉक्टरनं येऊन नाडी बघितली आणि रेजचंच वाक्य म्हटलं. रेजपेक्षा वाईट म्हटलं.

संध्याकाळी दिग्दर्शिकेनं सगळ्यांना जमवलं. उद्या न्यायाधीश रेज करेल. रेजचा चेहरा उजळला तोच ती पुढे म्हणाली की गुरुवारपासून लंडनहून एक नाववाले नट येतायत, निर्मात्यांनी ठरवलंय. म्हणजे एक रात्र. जन्मभर वाट बघून हातात काय, तर एक रात्र. बोळात मला धरून रेज म्हणाला, “एक तर एक. पण ते वाक्य माझं आहे.”

आता निघाला होता तो साध्या कामाला. न्यायाधीशाचे बूट थिएटरात नव्हते. नवे बूट पायाला सैल व्हावेत म्हणून ॲकलम ते घालून राहत्या घरीच हिंडायचा, तुम्हीही करता ते. तो उतरला होता बंदराजवळच्या गल्लीत, मिसेस क्रॅगकडे. उंच, अरुंद घर, अगदी वरची खोली. रेजनं तिला फोन केला. ती बहिणीकडे गेली होती. म्हणाली, किल्ली कुंडीखाली आहे राजा, बूट पलंगाखाली असतील, घे आणि जाताना दिवे मालव. एवढंच काम. पुढचं सगळं रेजनं मला त्याच रात्री सांगितलं, जसंच्या तसं.

खोलीत ॲकलमचा पायजमा घडी करून ठेवलेला. उशीजवळ अर्धं राहिलेलं पेपरातलं शब्दकोडं. रेजला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. चाळीस वर्षांची ओळख. बूट पलंगाखालीच होते. होतात का बघावं म्हणून त्यानं पाय घातला.

बूट आतून गरम होते.

हीटरजवळ असतील, असं त्यानं मनाशी ठरवलं. हीटर पलीकडच्या भिंतीला होता.

तरी तो निघाला नाही. समोर कपाटाचा उभा आरसा. त्यात न्यायाधीशाच्या बुटांतला रेज टॅटरसल. आणि मग त्याच्या आत साठलेलं सगळं उसळून आलं, सगळे बटलर, सगळे पाद्री. तिथेच त्यानं शेवटचा प्रवेश सुरू केला. म्हणे, मी इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं आणि बघायला कुत्रं नव्हतं. करता करता वाक्यापाशी आला. थांबायला हवं होतं. त्याला ठाऊक होतं. पण डोक्यात तिडीक गेली होती. आरशाकडे बघून म्हणाला, “हर्बर्ट, तुझ्या नशिबी नव्हतं हे. माझ्या आहे. ऐक.”

आणि म्हटलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आता विचारा.

काही नाही झालं.

मग त्याच्या लक्षात आलं, समुद्राचा आवाज येत नाहीये. खिडकी उघडी होती. खाली बंदर. आणि आवाज नाही.

कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. तिकडून... हळू... नाकातून...

हं हं हंऽ हं हं... हं हंऽ.

रेज वळला. कुणी नाही. बेसिन. टॉवेल. बस.

घाबरला, पण त्याहून जास्त चिडला. असा माणूस होता तो. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. “इतकी वर्षं कुणी—”

हं हं हंऽ...

जवळून. पलंगाच्या या बाजूनं.

तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं. म्हणायचं होतं वाक्यच. आरशात बघत होता. आरशात त्याचा डावा हात वर गेला. त्यानं नेला नव्हता. आणि त्याच्या स्वतःच्या नाकातून...

...

नाही, ठीक आहे मी. चहा दे जरा.

दिवे न मालवता तो पळाला. बूट पायात तसेच. माझ्या खोलीवर आला तेव्हा त्याची बोबडी वळली होती. मी त्याला ब्रँडी दिली, पांघरूण दिलं, आणि म्हटलं, बाबा रे, दुपारी मित्र गेला, उद्या तुझा प्रयोग, दुसरं काय होणार. त्यानं मान हलवली.

“त्याला ते वाक्य हवंय,” रेज म्हणाला.

मी चेष्टेत म्हटलं, “मग देऊन टाक. एकच तर आहे.”

“एकच आहे म्हणूनच नाही देणार. मी सगळ्यांना सगळं दिलं रे. दारं उघडून दिली, कोट धरले, त्यांच्या टाळ्या होईपर्यंत अंधारात थांबलो. हे नाही देणार. मेला असेल तरी नाही देणार.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थिएटर भरलं होतं. आणि रेजनं असं काम केलं की मी माळी असल्याचं विसरून विंगेत खिळून राहिलो. ॲकलमची नक्कल नव्हती ती. त्याचा स्वतःचा न्यायाधीश होता, कडू, हट्टी, पोटातून आलेला. हाच माणूस इतकी वर्षं कुत्री फिरवत होता, हे आठवून मला संताप आला. त्याला कामं न देणाऱ्या एकेकाला धरून तिथे बसवावं असं वाटलं.

शेवटचा प्रवेश. काठी टाकली. उभा राहिला. सगळं थिएटर गप्प.

त्याचा डावा हात वर गेला.

त्याचं तोंड उघडं. थांबला... फार थांबला...

आणि वाक्य आलं. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. मी स्वतः ऐकलं. शपथेवर सांगतो. लोक उभे राहिले. असल्या टाळ्या त्या गावात मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

पडदा पडल्यावर रेज विंगेत येऊन सामानाच्या पेटीवर बसला. मी त्याला मिठीच मारली. म्हटलं, जिंकलास म्हाताऱ्या. तो माझ्याकडे बघत राहिला.

“मी बोललोच नाही,” म्हणाला.

“अरे, मी ऐकलं.”

“काय ऐकलंस ते मला माहीत नाही. माझ्या घशातून आवाज फुटला नाही. मी ओरडायचा प्रयत्न केला... आणि ते टाळ्या वाजवायला लागले.”

गुरुवारी लंडनचे नाववाले आले. त्यांना वाक्य म्हणायला काही अडचण आली नाही, रोज गुळगुळीत म्हणायचे. रेज पुन्हा दुसऱ्या अंकात नाडी बघायला. पण त्यापुढे झालं ते त्याच्या जास्त जिव्हारी लागलं. लोक त्याला नावानं ओळखायला लागले. दुकानात, बसच्या थांब्यावर. मिस्टर टॅटरसल ना? ब्रिडलिंग्टनला ते शेवटचं वाक्य तुम्हीच म्हणालात ना? आम्ही विसरलो नाही हो. जन्मभर ज्यासाठी झुरला ते मिळालं आणि त्याला घेता येईना. धन्यवाद म्हणायचा आणि घरी येऊन मला फोन करून अर्धा तास शिव्या घालायचा. ॲकलमला, मला, त्या सभ्य बायांना. वाक्य त्यानं चोरलं आणि कौतुक माझ्या गळ्यात घातलं, म्हणायचा, आता मी कुणाला सांगू? मी त्याला समजवायचो की तुला भास झाला, तूच बोललास. तो फोन आपटायचा. मागच्या वसंतात तो गेला. शेवटपर्यंत मला माफ केलं नाही त्यानं, कारण मी ते वाक्य ऐकलं होतं.

अंत्यविधीला आमची ध्वनियंत्रणेवाली मुलगी आली होती. पहिल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण ते बदली नटांसाठी करून ठेवतात. आठवण म्हणून तिनं ते मला फोनवर पाठवलं. तिनं स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

हे बघा. हे शेवटचं टोक. गप्प राहा जरा, कॉलम, कप खाली ठेव.

हा कुणीतरी खोकला. ही काठी पडली. हा रेजचा श्वास, किती जवळून आलाय बघा. आता इथे ते वाक्य. इथेच, याच जागी मी ऐकलं ते...

...

...

नाही, आवाज पूर्ण मोठा आहे. फोन चांगला आहे.

...

आणि या टाळ्या.