बंद साच्यातली चीर

कुणी हात लावला नाही, कुणी आपटली नाही, तरी धातूची वस्तू आपणहून फाटते का? आणि फाटायचीच असेल, तर वर्षातून नेमकी दसऱ्यालाच का फाटते? हे कोडं सुटलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. कोडं सुटलं की आनंद होतो म्हणतात. मला तर रडू आलं. का, ते सांगते.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, डॉक्टर यशवंत धनवडे. मोठे धातुशास्त्रज्ञ. कोल्हापूरजवळ त्यांची ओतशाळा होती (धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना). तिथे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची (दोन किंवा अधिक धातू एकत्र वितळवून केलेला धातू) गुडघ्याची चौकट बनायची. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. ज्या मुलांच्या पायांत बळ नाही, ती ही चौकट बसवलेले यंत्रपाय बांधून चालायची. चौकटीला केसाएवढी चीर राहिली तरी ती एक दिवस मोडणार आणि पोर तोंडावर पडणार. त्यामुळे चिरेच्या बाबतीत आबा फार कडक होते. जरा जास्तच.

चौकटीचं काम सुरू झालं त्याच वर्षी, दसऱ्याच्या मुहूर्तावर ओतलेली पहिलीच चौकट आतल्या कोपऱ्यात चिरलेली निघाली. साचा उघडायचं काम जब्बारचाचांचं. तीस वर्षं ते तेच करत होते. आबा सगळ्या कामगारांसमोर त्यांच्यावर कडाडले, “घाईनं साचा उघडलास! हिसका बसला.”

“साहेब, म्या हात लावायच्या आदीच फाटलं हुतं ते,” चाचा म्हणाले. “साचाबी आतनं गार वाटत हुता मला.”

“तापमानाचा काटा तीनशे अंश दाखवतोय आणि म्हणे गार! नाचता येईना, अंगण वाकडं.”

चाचांना साच्यावरून काढून फाटकावर बसवलं. शाळेतून मी तिकडे गेले की ते खुर्चीतून उठून मला बसायला द्यायचे. वर्षभरात ते काम सोडून गेले. पुढच्या दोन्ही दसऱ्यांना मुहूर्ताच्या पहिल्या काही चौकटी चिरल्याच. आबा म्हणाले, नवा माणूसही तसलाच धांदरट. तिसऱ्या दसऱ्यानंतरच्या थंडीत जब्बारचाचा वारले. आबा मयतीला गेले नाहीत. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

चौथ्या वर्षी आबांनी निरखू तयार केला होता. निरखू म्हणजे एक यंत्रमानव. त्याचा डोळा क्ष-किरणांनी (वस्तूच्या आरपार जाणारे अदृश्य किरण) पोलादाच्या आत बघायचा आणि सेकंदाला हजारो चित्रं टिपायचा.

“आबा, त्याला मुहूर्ताच्या साच्यापाशी उभा करा की,” मी हट्ट धरला.

“करतो. साचा उघडताना कोण हिसका देतं, ते तरी कळेल,” आबा म्हणाले.

वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, म्हणून मला जाड काचेमागे उभं केलं होतं. नारळ फुटला, धातूचा रस साच्यात गेला, साचा उघडला. चौकट चिरलेलीच होती. मग निरखूनं टिपलेली चित्रं अगदी सावकाश पडद्यावर लावली.

“शर्वाणी, पाणी शून्य अंशाला गोठतं,” तो मला म्हणाला. “हा मिश्रधातू असा एका झटक्यात गोठत नाही. सहाशे अंशांजवळ गोठू लागतो आणि साडेचारशेच्या खाली गेल्यावर पुरता गोठतो. मधल्या वेळात तो धड पातळ नसतो, धड घट्ट नसतो.”

“साबुदाण्याच्या खिरीसारखा?”

“सुरुवातीला तसाच. यातले दाणे म्हणजे स्फटिक (ज्यात अणू शिस्तीत रांगेनं बसलेले असतात तो घन कण). पण हे दाणे वाढतात, त्यांना फांद्या फुटतात, फांद्या एकमेकींत गुंततात. शेवटी त्यांच्यामध्ये रसाचा नुसता पातळ पापुद्रा उरतो.”

पडद्यावर ते दिसतही होतं. फांद्यांचं काळं रान, आणि मधून रसाच्या उजळ रेघा.

“आता बघ. गोठताना धातू आकसतो. पण चौकटीच्या मधोमध पोलादी गाभा आहे (पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेला ठोकळा). तो आकसू देत नाही. बारीक बाजू आधी गोठल्या. कोपरा जाड, तो मागे राहिला. दोन्ही बाजू त्याला आपापल्याकडे ओढतात. पापुद्रा फाटतो. फटीत नवा रस पोचला, तर ती भरून निघते. नाही पोचला, तर कायमची चीर. हिला उष्णचीर म्हणतात (धातू गरम असताना, पुरता गोठण्याआधीच पडणारी चीर).”

“मग रोज का नाही पडत?”

“रोज गाभा तीनशे अंश गरम असतो. त्यामुळे बाजू आणि कोपरा फार मागेपुढे होत नाहीत, आणि रसालाही आत शिरायला वेळ मिळतो. आज गाभा एकशे दहा अंश होता. काटा साच्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलाय, त्याला आतलं कळत नाही.”

आबांचा चेहरा उतरला. “खंडेनवमी,” ते हळूच म्हणाले.

मग मलाही कळलं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, यंत्रांना विश्रांती देतो. ओतशाळेत त्या दिवशी, एरवी रात्रंदिवस चालणारी, साचा तापवायची शेगडीही बंद करून तिला हळदकुंकू, झेंडूचा हार. दसऱ्याला सकाळी मुहूर्त गाठायचा म्हणून दोन तास तापवायची. बाहेरून साचा तापायचा, आत गाभा थंडच. पहिल्या चार-पाच ओतांनंतर तो आपोआप तापायचा आणि चिरा थांबायच्या. म्हणजे चाचांच्या हाताला गारवा खरंच लागला होता.

“चीर पडली तेव्हा साचा बंद होता,” निरखू म्हणाला. “उघडायला अजून एकोणीस सेकंद होते.”

आबा खाली बसले. यंत्राला कुणाचं मन राखता येत नाही, म्हणून त्या क्षणी मला निरखूचा रागच आला.

त्याच दुपारी आम्ही चाचांच्या मुलीकडे, नसीमताईंकडे गेलो. आबांनी त्यांना ती चित्रं दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. नसीमताईंनी चित्रं तीनदा बघितली.

“अब्बा शेवटी शेवटी जेवताना हात थांबवून बघत बसायचे,” त्या म्हणाल्या. “मला विचारायचे, ‘नसीम, खरंच माझा हात हलला असंल का गं?’ मी म्हणायचे, नाही अब्बा. पण नंतर नंतर त्यांना ते पटेनासं झालं.”

आबांनी हात जोडले. मग म्हणाले, “त्याला चारचौघांत बोललो होतो, पोरी. चारचौघांतच कबूल करतो. येशील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमताई आल्या. रात्रभर शेगडी चालू होती, आणि काटा आता गाभ्यात बसवला होता. आबांनी सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि सांगितलं, “जब्बार बरोबर होता. चूक माझी होती.” नवा साचेवाला मान खाली घालून डोळे पुसत होता. त्यानंही तीन वर्षं बोलणी खाल्ली होती. मग ओत झाला, साचा उघडला. चौकट अखंड निघाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या चौकटीचा यंत्रपाय आज साताऱ्याच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या पायाला आहे. ती आता धावते. तिच्यासारखी आणखी पुष्कळ मुलं धावणार आहेत, कारण आबांनी पुढच्या साच्यांत कोपराही गोलसर करून घेतला, म्हणजे तिथे ओढ कमी बसते. त्या मुलीचं धावतानाचं चित्र मी नसीमताईंना पाठवलं.

त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. “गोड आहे पोर. अब्बांना दाखवायला हवी होती.”