पाद्रीसाहेबांनी घालवलं ते कोण?

दार नुसतं लोटून घे रे, कडी लावू नकोस. आणि हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या. नंतर कुणाला एकट्याने बाहेर जायची भीती वाटली, तर मी सोबत येणार नाही. ही ऐकीव थाप नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून राहणारा.

पाद्री होता तो. उंच, किडकिडीत, कायम घाईत. चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर, दुसरा शनिवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. बायको म्हणाली, "चर्चमधला वाचायच्या जागेवरचा बल्ब गेलाय. उद्या वाचणार कसं?"

"वीस वर्षं तेच वाचतोय, पाठ झालंय," असं म्हणत त्याने चपला घातल्या आणि बल्ब आणायला निघाला.

थट्टा करायची सवय तेवढी उरली होती, बाकी माणूस आतून रिकामा झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याची उशिरा झालेली, एकुलती एक पोर तापाने गेली. चार वर्षांची. त्या रात्री तो दुसऱ्याच कुणाच्या उशाशी प्रार्थना करत बसला होता. पोर 'बाबा, बाबा' करत राहिली. तो परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून प्रार्थना नुसती तोंडाने चालायची.

बल्ब घेऊन परतताना वाटेत बेकरीवाल्याने त्याला गाठलं. पीठ माखलेल्या हातांनी सदराच धरला.

"पाद्रीसाहेब, वर चला. पाया पडतो तुमच्या. बायको हातची चाललीय."

बेकरीच्या माडीवर खोली होती. मैद्याचं पोतं एकटीने उचलणारी ती बाई पलंगावर नुसती हाडं होऊन पडली होती. आठवडाभर पोटात अन्नाचा कण नाही. डॉक्टरांनीही हात टेकलेले. स्वतःला ओरबाडते म्हणून दोन्ही हात चादरीने पलंगाला बांधलेले. आणि तिच्या तोंडून जाड, पुरुषी आवाजात शिव्या चालल्या होत्या.

पाद्र्याने उजवा हात तिच्या कपाळावर ठेवला. त्यांच्यात रीत अशी, की जे आत शिरलंय त्याला आधी नाव विचारायचं, मग त्याच नावाने त्याला बाहेर काढायचं. त्याचा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नव्हता. बेकरीवाल्याच्या समाधानासाठी त्याने विचारलं, "नाव काय तुझं?"

शिव्या थांबल्या.

"भिंगरी."

त्याच्या पोरीचं लाडाचं नाव. घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. थडग्याच्या दगडावरही नव्हतं. आणि आवाज... चार वर्षांच्या मुलीचा.

"बाबा, तू आला नाहीस."

पाद्र्याने हात तिच्या कपाळावर तसाच ठेवला.

"मी किती हाका मारल्या."

सैतान खोटं बोलतो, दुखरी नस बघून बोलतो, हे त्यानेच लोकांना शंभरदा सांगितलेलं. पण कान ऐकतात का कुणाचं? त्याला वाटलं, ऐकत राहावं. अजून थोडं. रात्रभर.

"आता दुखत नाही ना, बाळा?"

"इथे नाही दुखत. इथे ऊब आहे. राहू ना?"

बाईचे ओठ निळे पडायला लागले. एक श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

"पाद्रीसाहेब!" बेकरीवाला ओरडला. "थांबलात का? मरतेय ती!"

तो थांबला होता. पोरांनो, मीही थांबलो असतो.

मग तो खाली वाकला. दरडावणं वगैरे काही जमलं नाही त्याला.

"भिंगरी... जा, बाळा."

"तिकडे अंधार आहे, बाबा. तू येतोस?"

"नाही गं."

"बरं."

एवढंच. शहाण्या मुलीसारखं.

बाईने मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाणी मागितलं. नवरा रडत पाद्र्याच्या पायांवर पडला. पाद्र्याला ते कळलंही नाही.

माझ्याजवळ एकदाच बोलला तो. "सैतान असेल तर मी माझं काम केलं. पण तीच असेल तर? आधी एकटीला मरू दिलं, मग एकटीलाच हाकललं. सैतान 'बरं' म्हणतो का हो?" गेल्या वर्षी तो गेला, हाच प्रश्न घेऊन गेला.

त्या पहाटे तो घरी आला तेव्हा बायको जागीच होती. तिने दिव्याखाली त्याचा डावा हात पाहिला. तर्जनीवर लाल वळ उठले होते. चार एका बाजूला, अंगठ्याचा दुसऱ्या बाजूला. इवल्याशा मुठीत बोट गच्च धरल्याचे. मी पाहिलेत ते. शेवटपर्यंत गेले नाहीत.

बायकोने ते बोट गालाशी धरलं, आणि उजाडेपर्यंत सोडलं नाही.