पडद्यापलीकडची कांचन

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे आणि खरी आहे. तुम्हाला पटो न पटो, सांगताना आजही तिच्या अंगावर काटा येतो.

१९८६ चा ऑक्टोबर. न्यू जर्सीत, आयसेलिनजवळचं एक हायस्कूल. शनिवारची दुपार.

माझी मावसबहीण मृणालिनी तेव्हा शाळेच्या मार्चिंग बँडबरोबर कलर गार्डमध्ये होती. म्हणजे बँड वाजत असताना मैदानावर मोठाले झेंडे फिरवणाऱ्या, उंच उडवून झेलणाऱ्या मुली. त्यांत मराठी दोघीच. ती आणि तिची जिवलग मैत्रीण कांचन. दोघी तिथेच जन्मलेल्या. घरातलं मराठी समजायचं, पण एकमेकींशी कायम इंग्रजीत.

त्या दिवशी मोठी स्पर्धा होती. मधोमध एकटीने झेंडा फिरवायचा सोलो मृणालिनीला मिळाला होता. चारुदत्तकाका, म्हणजे तिचे बाबा, किती मनधरणी केल्यावर तिला पाठवायला तयार झाले होते!

ती शाळेत पोचली तेव्हा बस सुटायच्या बेतात होती. बँडचे सर तिला बघून चक्रावले.

"तू कशी? कांचन म्हणाली, तुझे वडील सोडत नाहीत. सोलो तीच करतेय. आता ऐनवेळी बदल नाही."

मृणालिनीने वर पाहिलं. बसच्या खिडकीत कांचन होती.

तिने मृणालिनीकडे बघितलं... आणि मान फिरवली.

बस गेली.

डोळे पुसत ती झेंडा परत ठेवायला जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये शिरली. आत चिटपाखरू नव्हतं. जिमचे दोन भाग करणारा जाड पडदा ओढलेला होता.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला...

सर्रर्र... झेंडा फिरल्याचा.

थप्प... काठी झेलल्याचा.

कुणीतरी तिचाच सोलो करत होतं. हळू आवाजात ताल मोजत.

आवाज कांचनचा होता!

म्हणजे ही बसमधून उतरली? मृणालिनीचं डोकं भडकलं.

"व्हाय डिड यू लाय, कांचन?"

मोजणं थांबलं.

काहीच नाही... श्वाससुद्धा नाही.

मग पडद्याला तोंड लावून बोलल्यासारखं, अगदी स्वच्छ मराठीत...

"तू इथे एकटी हवी होतीस, म्हणून."

कांचनला एवढं मराठी बोलताच येत नव्हतं.

पलीकडून कुणीतरी पडद्यावर तळहात दाबला... मग दुसरा...

मग तिसरा.

मृणालिनी जी पळत सुटली, ती रस्त्यावर येऊनच थांबली.

दुसऱ्या दिवशी कांचन घरी आली. मृणालिनी तिच्यावर तुटून पडली.

"बट यू कॉल्ड मी!" कांचन रडायला लागली. पुढचंही सगळं ती इंग्रजीतच बोलली. "तूच सकाळी फोन केलास. बाबा नाही म्हणाले, सोलो तू कर, म्हणालीस."

"मी फोन केलाच नाही."

"तुझाच आवाज होता. फक्त..." कांचन अडखळली. "तू मराठीत बोलत होतीस. सगळं मराठीत."

"मग खिडकीतून मला बघून मान का फिरवलीस?"

"कुठली खिडकी? मी बसमध्ये पलीकडच्या बाजूला बसले होते."

मृणालिनीने तिला दाराबाहेर काढलं. मैत्री तिथेच संपली. कांचन आता सांता क्लाराला असते म्हणे.

मध्यंतरी मी विचारलं, "ताई, अजून वाटतं तुला, तिनेच दगा दिला?"



"तिनेच दिला," ती म्हणाली. "मला तसंच धरून चालायचंय. कारण तिने दिला नसेल, तर मी तिथे एकटी कुणाला हवी होते?"