तीन वाजता आत्याबाई येतात

हे खरं आहे. तुमी मानलं नाही तरी मले फरक पडत नाही. मी काही तुमाले पटवून द्याले बसली नाही. मले कोणाले तरी सांगायचं आहे, बस.

भुताच्या गोष्टी रात्री बाराच्या असतात म्हणे. स्मशान, वडाचं झाड, रडणारे कुत्रे...

आमच्या घरी असं काहीच नाही.

आमच्या घरी भर दुपारचे तीन वाजतात. भिलाईच्या कडेले कुरुद, तिथं आमचं दोन खोल्यांचं घर, समोर पत्र्याची पडवी. तारीखही सांगते. चौदा मे दोन हजार चोवीस, मंगळवार. ऊन असं होतं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

माह्या पोरीची, पायलची शपथ घेऊन सांगितली असती ही गोष्ट. पण घेत नाही, कारण तिच्याच पायी सारं झालं.

पहिले थोडं मागचं सांगा लागन.

मी शिल्पा. पायल माही एकुलती एक पोरगी. तिचे बाबा नरेश, प्लांटमधी ठेकेदाराकडे फिटर आहेत. अन गिरजाबाई माही सासू. मी त्यांले आत्याबाई म्हणायची. भंडाऱ्याहून लग्न होऊन भिलाईले आल्या अन तीस-बत्तीस वर्षं रेजाचं काम केलं. डोक्यावर विटा, गारा, गिट्टी वाहायची. बसणं त्या बाईले माहीतच नव्हतं.

लॉकडाऊनमधी यांचं काम बंद पडलं. पायल तेव्हा दहावीत होती. तिनं मोबाईलवर कुठं तरी पाहिलं की ब्लॉग लिहा, लोकं वाचाले आले की जाहिराती लागतात, अन पैसे येतात. एकदा लिहा, झोपेत कमवा. पॅसिव इनकम म्हणतात म्हणे त्याले.

मी म्हटलं, "आपल्या घरी लिहिण्यासारखं आहेच काय?"

पायल म्हणाली, "आजी आहे ना."

असा सुरू झाला "गिरजाबाई की रसोई." हिंदीत, कारण वाचणारे सारे हिंदीवाले. रोज तीन वाजता आत्याबाई पडवीतल्या सुतळीच्या खाटेवर बसायच्या. दातावर गुडाखू घासायच्या, थे काळी तंबाखूची पेस्ट असते ना, इकडच्या म्हाताऱ्यांले त्याच्याबिगर चालत नाही. अन सांगायच्या. अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, मोहाचे लाडू. मी समोर पाटावर लॅपटॉप ठेवून टाइप करायची, "मैं गिरजाबाई, आज आपको बताती हूँ..."

एकदा त्यांनी विचारलं, "मी झोपली तरी पैसे येते?"

"हो, आत्याबाई."

"मंग काम कोण करते?"

आमी सारे लई हसलो.

पहिलं वर्ष कोणी कुत्रं फिरकलं नाही. मंग एकाएकी वाचणारे वाढले. लोकं जीव लावाले लागले. जबलपूरची मधुवंती नावाची एक बाई तर रोज लिहायची, "अम्मा, दवा ली?" आत्याबाईंचे फोटोत फक्त हात दिसायचे, मनगटावर हिरवं गोंदण, एक विंचू अन त्याच्याखाली पाच ठिपके. लोकांले थे हात पाठ झाले होते.

पायलले रायपूरच्या नर्सिंग कॉलेजात टाकलं, थे त्याच पैशावर. तीन वर्षांचा कोर्स. यांच्या पगारात घर चालायचं, अन पायल चालायची ब्लॉगवर.

नोव्हेंबर बावीसमधी आत्याबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, कलंडल्या, संपलं. विहारातले भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुढं पुण्यानुमोदन झालं. सारा समाज येऊन गेला.

फक्त ब्लॉगवर मी सांगितलं नाही.

सांगणारच होती. पण चौथ्या दिवशी मधुवंतीचा प्रश्न आला, "अम्मा, लड्डू टूट रहे हैं, क्या करूँ?" बोटांले सवय होती. मी लिहून टाकलं, "बेटी, गुड़ थोड़ा और पका."

थे पहिलं खोटं.

मंग दुसरं झालं. मंग रोजचंच झालं. "अम्मा, कैसी हो?" "ठीक हूँ बेटी, घुटना दुखता है." नवीन भाजी केली की फोटो लागायचा, तर मी माह्याच मनगटावर हिरव्या पेनानं विंचू काढायची. पाच ठिपके द्यायची. फोटो काढला की साबणानं धुवून टाकायची.

यांनी दोनदा म्हटलं, "शिल्पा, सांगून टाक. बरं नाही दिसत."

"सांगितलं तर मले कोण वाचीन? पायलची फी तुमी भरता?"

यांची मान खाली गेली. मीच तसं बोलली.

असं दीड वर्ष.

आता चौदा मे.

हे दोनच्या बी शिफ्टले गेलेले. घरात मी एकटी. कूलर घरघर करून राहिला होता, मी पडवीत पाटावर बसून टाइप करून राहिली होती. तीन वाजले अन लाईट गेली. कूलर थांबला. सारं एकदम शांत झालं.

अन माह्या समोर...

कर्रर्र.

खाट वाजली. कोणी अंग टाकून बसलं की सुतळी ताणते ना, तसा आवाज.

मी वर पाहिलं. खाट रिकामी. पण मधात सुतळी खाली गेली होती...

मी म्हटलं, उन्हानं लाकूड वाजलं असन, सुतळी सैल पडली असन. आमी बौद्ध माणसं, भूत-प्रेत मानत नाही. मोहल्ल्यात कोणी भूत उतरवाले बैगा बोलावला की मीच तोंड दाबून हसायची. आता सांगायचं तरी कोणाले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा.

तिसऱ्या दिवशी वास आला. गुडाखूचा. आत्याबाई गेल्यापासून आमच्या घरात गुडाखूची डबी नाही.

मी खाट उचलून मागच्या अंगणात उभी करून ठेवली.

तीन वाजता थे पडवीत होती.

मी कोणालेच बोलली नाही. लिहीत राहिली. फी ऑगस्टमधी होती, शेवटच्या वर्षाची. मी मनात म्हटलं, तेवढं होऊन जाऊ दे. मंग सांगून टाकू.

जूनमधी मधुवंतीचा मेसेज आला. "अम्मा, आज की भाजी में ये क्या लिख दिया? समझ नहीं आया."

मी उघडून पाहिलं. बोरभाजीची रेसिपी. सारी हिंदीत, मीच लिहिलेली. फोडणी, लसूण, मिरची... अन मधातच एक ओळ मराठीत.

"मी थकली वं, शिल्पा. मले झोपू दे."

खाली मधुवंतीनं विचारलं होतं, "अम्मा, ये शिल्पा कौन है?"

माहं नाव त्या ब्लॉगवर कुठंच नाही. कधीच नव्हतं.

टाइप मीच केलं होतं, घरात दुसरं होतंच कोण? पण मले एक अक्षर आठवत नव्हतं. मी थे ओळ काढली. दुसऱ्या दिवशी लिहून झाल्यावर दहादा वाचलं, मंग टाकलं. संध्याकाळी पाहते तर थेच ओळ, चटणीच्या खाली.

त्याच आठवड्यात गोंदण निघालं नाही.

फोटो काढून मी मोरीत गेली. साबण लावला. विंचू तसाच. मंग राख लावली, घासणी लावली, रॉकेलचा बोळा फिरवला. कातडी लाल झाली. विंचू हिरवाच राहिला.

यांनी रात्री जेवताना पाहिलं. "हे कधी गोंदलं तू?"

"पेनाचं आहे."

यांनी माहा हात हातात घेतला. अंगठा फिरवला. थे पेनाचं नव्हतं. जुनं होतं, फिक्कं पडलेलं, कातडीच्या आत गेलेलं. यांनी लहानपणापासून थोच हात पाहिला होता. यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माही माय जिंदगीभर राबली, शिल्पा. आता तरी तिले सोड."

मले इतली लाज वाटली की ताटावरून उठली.

दुसऱ्याच दिवशी तीन वाजता मी लिहिलं. "गिरजाबाई नहीं रहीं. डेढ़ साल से मैं, उनकी बहू, उनके नाम से लिख रही थी. माफ कीजिए." हात जोडले अन बटन दाबलं. खाट हळूच वाजली, कोणी उठलं की वाजते तशी.

सकाळी मनगट साफ होतं.

आठ दिवस काय गाढ झोपली मी, काय सांगू. तीन वाजायचे, काहीच व्हायचं नाही. वास नाही. आवाज नाही. मी खाटेवर पापड वाळू घातले.

पण लोकं खवळले. कोणी म्हणे धोका दिला, कोणी म्हणे मरी हुई औरत को बेच खाया. मधुवंतीनं एकच ओळ लिहिली, "मैं डेढ़ साल किससे बात कर रही थी?" मंग तीही गेली. महिनाभरात वाचणारे बोटावर मोजण्याइतके उरले. झोपेत येणारा पैसा बंद झाला.

ऑगस्ट आला. कॉलेजनं सांगितलं, फी नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही. यांनी ठेकेदाराले उचल मागितली, त्यानं हात वर केले. माह्या भावाकडे मागाले गेली, तो घरीच भेटला नाही.

पायलचा फोन आला. रडून राहिली नव्हती, तेच वाईट. "आई, टेन्शन नको घेऊ. मी कॉलेज छोड देते. दुर्गले कपड्याच्या दुकानात लागते. चलता है."

दोन वर्षं शिकून पोरगी दुकानात साड्या दाखवीन.

मी फोन ठेवला. पडवीत आली अन खाटेवर पडली. आत्याबाई गेल्यावर त्या खाटेवर मी पहिल्यांदाच पडली. पदर तोंडात कोंबून रडली. घड्याळ पाहिलं नाही. पण बी शिफ्टचा भोंगा होऊन घंटाभर झाला होता, एवढं माहीत आहे...

पायाशी सुतळी खाली गेली.



गुडाखूचा वास आला... अन एकदम जवळून आवाज.

"सरक."

मी सरकली. काय करू, सवयच होती. त्या जिवंत होत्या तेव्हा असंच म्हणायच्या.

नुसता कोणाचा तरी जड श्वास, जिना चढून आल्यावर असते तसा.

मंग म्हणाल्या, "घे. लिही."

"आत्याबाई, तुमी जा. मी तुमाले सोडलं."

"पोरीची फी कोण भरते? तू?"

मी लॅपटॉप घेतला.

त्यांनी जे सांगितलं थे मी लिहिलं, जसंच्या तसं. "मैं गिरजाबाई. बहू ने ठीक कहा, मैं नहीं रही. पर कुछ भाजियाँ बाकी हैं."

लोकांले वाटलं ही लिहायची नवी तऱ्हा आहे. एकानं दुसऱ्याले पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा दुप्पट वाचणारे. मरी हुई अम्मा की रसोई म्हणतात आता. मधुवंतीही परत आली. ती विचारते, "अम्मा, वहाँ ठंड तो नहीं लगती?" मी मोठ्यानं वाचून दाखवते. आत्याबाई सांगतात थे उत्तर मी टाकते. काय उत्तर देतात, थे इथं लिहिण्याची हिंमत नाही मले.

फी भरली. पायल शेवटच्या वर्षाले बसली. तिले काही माहीत नाही. तिले वाटते, आई लई मस्त लिहून राहिली.

तेव्हापासून रोज तीन वाजता येतात. एक दिवस खाडा नाही, रविवार नाही. आता झोपू दे म्हणत नाही. मीच एकदा विचारलं, "आत्याबाई, थकल्या नाही का?"

"पोरगी पास होऊ दे," म्हणाल्या. आवाज लई बारीक झाला आहे. शेवटचे शब्द मले कान लावून ऐका लागतात.

येत्या उन्हाळ्यात पायलची परीक्षा. मी दिवस मोजून राहिली होती. म्हटलं, निकाल लागला की हा लॅपटॉप बंद. विहारात दान देऊ, भंतेजींले बोलावू, आत्याबाईंले नीट निरोप देऊ.

काल यांची सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमारास आमी दोघं पडवीत चहा घेऊन राहिलो होतो. यांले मी आजवर काही सांगितलं नाही. यांले वाटते, जुन्या रेसिप्या उरल्या आहेत, त्याच लिहिते. घर आता ठीक चाललं आहे, म्हणून मूड बरा होता यांचा.

सहजच म्हणाले, "पायल पास झाली की तिच्या लग्नाचं पाहा लागन. एखाद-दोन वर्षं हा ब्लॉग असाच चालला पाहिजे, मंग काही चिंता नाही."

मी कपातला चहा ढवळत राहिली.

खाटेवरून उत्तर आलं... लई थकलेलं, कामावर पुन्हा बोलावलेल्या बाईसारखं.

"हो."

यांनी ऐकलं की नाही, थे मले माहीत नाही. यांनी कप खाली ठेवला, खाटेकडे पाहिलं नाही, अन लवकर लवकर चप्पल घालून बाहेर निघून गेले.

आज दुपारचे दोन वाजून गेले आहेत. मी अजून सांगू शकते आत्याबाईंले, की बस झालं, लग्न आमी पाहू, तुमी जा. सकाळपासून ठरवून राहिली आहे.

लॅपटॉप मात्र चार्जिंगले लावून ठेवला आहे.