मान्यता नसलेला हात

डॉ. वृषाली बोरगावेने यंत्राच्या काचेवर तळहात टेकवला. रोज लगेच हिरवा होणारा दिवा आज पिवळाच राहिला.

"त्यालाबी आज उशिरा जाग आली वाटतं," खुर्चीत बाही वर सारून बसलेल्या कलाबाई मगदूम म्हणाल्या.

यंत्राचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "हा हात ज्या डॉक्टरांचा आहे, त्यांनी काम थांबवलं आहे."

खोट्या बिलांना आळा बसावा म्हणून विमा कंपन्यांनी मिळून 'प्रत्यय' नावाचं जाळं उभारलं होतं. उपचाराचं कोणतंही यंत्र सुरू होण्याआधी प्रत्ययला विचारी: हात कुणाचा, आणि बिल कुणाच्या नावाने निघणार? दोन्हींची सांगड बसली तरच यंत्राचं कुलूप उघडे. रोख पैसे देणाऱ्यालाही दुसरी वाट नव्हती. खोटी बिलं खरोखर थांबली. वृषालीनेच तेव्हा त्याचं भरभरून कौतुक केलं होतं.

गेल्या आठवड्यात तिचे भागीदार डॉ. रेवणकर यांनी रुग्णालय विकलं. घेणाऱ्यांना डायलिसिस नको होतं. गडहिंग्लजचे रुग्ण वाऱ्यावर पडू नयेत म्हणून वृषालीने यंत्रं ठेवून घेतली आणि केंद्र स्वतःच्या नावावर केलं. खोली तीच, सुया तिच्याच हातच्या. बदललं होतं ते फक्त बिलावरचं नाव; रुग्णालयाच्या नावाखालची तिची जुनी नोंद मात्र आजपासून बंद झाली होती.

"त्या डॉक्टर मीच आहे," ती यंत्राला म्हणाली.

"बंद झालेल्या डॉक्टरांचा हात दुसऱ्या नावाने वापरला जात आहे. तोतयेगिरीची शंका आहे. तपासणी सुरू आहे. आधीच्या डॉक्टरांनी संमती दिल्यास ती लवकर संपेल."

"दिली. मी देते संमती."

"त्यांची मान्यता संपली आहे. त्यांची संमती धरता येत नाही."

"आणि तोवर पेशंटचं काय?"

"जिवाला तातडीचा धोका असल्यास यंत्र कोणाच्याही हाताने उघडेल. या रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम अजून धोक्याच्या रेषेच्या खाली आहे."

कलाबाई कान देऊन ऐकत होत्या. "म्हंजे मराय टेकल्याबिगर ते उघडत न्हाई, असंच न्हवं?"

वृषालीने फोन उचलला.

तिने कोल्हापूर, मिरज, बेळगाव सगळीकडे फोन लावले. खुर्च्या भरलेल्या होत्या. प्रत्ययच्या कचेरीत एकदा माणूस भेटला. बिचारा हळहळला, पण शंकेची खूण काढायचा अधिकार त्यालाही नव्हता. रेवणकर म्हणाले, "मी सांगून पाहिलं गं. ते म्हणतात, सोडून गेलेल्या डॉक्टरबद्दल तुम्हाला बोलता येणार नाही."

तिने रुग्णांना पोटॅशियम उतरवायची पावडर दिली, पाणी घोटाघोटाने प्यायला सांगितलं. कलाबाईंचे पाय सुजले, श्वास लागू लागला. रोज त्या येत, बोटाला सुई टोचून यंत्राला रक्ताचा थेंब देत, आणि यंत्र म्हणे, "रेषेच्या खाली." औषध काम करत होतं, म्हणूनच कुलूप उघडत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा वृषाली औषधांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पावडर थांबवावी, हा विचार तिच्या मनात आला होता. तो तिने झटकला, पण आल्याचं तिला कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी कलाबाईंच्या नवऱ्याने, महादबांनी, त्यांना रिक्षातून आणलं. ओठ निळसर पडलेले, नाडी अडखळत होती. वृषालीने घाईने बोटातून थेंब घेतला. यंत्राचा दिवा क्षणात हिरवा झाला.

"उघडलं न्हवं?" कलाबाई हसल्या.

"काय केलंत तुम्ही?"

"शहाळी प्याली. पोटभर. त्यात पोटॅशियम लई म्हून वरीसभर तुमी तोंडाला लावू दिलं न्हवतं." त्यांनी डोळे मिटले. "ग्वाड हुती वो, बाई."

रक्त नळीतून फिरू लागलं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. यंत्राने सगळं बिनचूक केलं, वृषालीनेही. पण रक्त पुरतं शुद्ध होण्याआधीच हृदय थांबलं. तिने छाती दाबली, दंड भरून आले तरी दाबत राहिली. अखेर महादबांनीच तिचा हात धरला आणि म्हणाले, "असू द्या आता, बाई."

यंत्राने मृत्यूची नोंद केली. तातडीचा उपचार नियमाप्रमाणे झाला होता. त्याचं बिल विनातक्रार मंजूर झालं. तपासणी मात्र चालूच राहिली.

सोमवारी वृषालीने केंद्र उघडलं तेव्हा बाकावर पोस्टातून निवृत्त झालेले हणमंतराव तेली बसले होते. चेहरा सुजलेला, धाप लागलेली. कलाबाईंच्या शेजारचीच खुर्ची त्यांची; शुक्रवारीही ते तिथेच बसले होते. तिने हात टेकवला. दिवा पिवळा.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले आणि पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी हळूच उघडून दाखवली. आत सोललेली शहाळी होती.

"हणमंतराव, नाही! तुमच्यासमोरच गेल्या ना त्या?"

"त्यांचा अंदाज चुकला. जास्त घेतलं त्यांनी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. औषध कसं घ्यायचं ते विचारावं, तसं त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात. रेष ओलांडेल पण जीव राहील, असं माप किती, ते तेवढं सांगा की?"