गुलाबी मिशीचा पुरावा

“हळू बोल रे! टाकी फुटेल तुझ्या आवाजाने!” दुर्बीण कानांवर हात ठेवत ओरडली.

“मी हळूच बोलतोय!” भोंगा म्हणाला. “तोय... तोय... तोय...” करत त्याचा आवाज टाकीभर भटकून परत आला.

इमारतीमागे आडवी पडलेली ही जुनी, मोठ्ठी टाकी म्हणजे त्यांचं सुट्टीतलं मुख्यालय. मामाकडे राहायला आलेली दुर्बीण (जाड चष्म्यामुळे पडलेलं नाव!), तिची धाकटी बहीण चिमणी आणि मामेभाऊ भोंगा. रोज इथे हास्यकल्लोळ असे. आज मात्र चिमणी पोट धरून, गुडघ्यांत डोकं खुपसून बसली होती.

“उद्या बाबा मला न्यायला येणार,” ती मुसमुसली. “मामा म्हणतात, मी बाहेरचं अरबटचरबट खाते. शप्पथ नाही गं खाल्लं, ताई!”

सुट्टी अजून अर्धीही सरली नव्हती! चिमणी खादाड होती, पण खोटारडी मुळीच नव्हती.

“आपण तिघं एकाच ताटातलं खातो. मग हिचंच पोट का बिघडतं? ही वेगळं काय करते?”

“उशिरा उठते!” भोंगा गरजला. “उठते... उठते...” टाकीनेही चुगली केली.

दुर्बीण ताडकन उभी राहिली आणि छताला डोकं आपटून तितक्याच ताडकन खाली बसली. “आई गं! अरे, मामी प्यायचं पाणी पहाटे भरते. आपण ते पितो. ही महाराणी उठते सगळ्यांच्या आंघोळींच्या वेळी, आणि बाटली धरते थेट नळाखाली!”

तिघं स्वयंपाकघरात पळाली. घराघरांत आंघोळींची धांदल चालली होती. दुर्बिणीने काचेची बरणी नळाखाली धरली. पाणी चक्क गढूळ! मामीच्या पिंपातलं मात्र लख्ख.

“अशक्य!” मामांनी मिशीला पीळ दिला. इमारतीच्या पाण्याचा कारभार त्यांच्याकडे होता. “रोज पहाटे मी स्वतः पेला भरून उजेडात धरतो. काचेसारखं पाणी! नवी टाकी कुणी बसवली? मी!”

“पण मामा, ही बरणी तरी बघा ना...”

“लहान तोंडी मोठा घास नको! सरका, मला आंघोळीला जायचंय.”

बरणी खिडकीत तशीच राहिली. दुपारी बघतात तर पाणी नितळ, आणि तळाशी गाळाचा थर!

“कुणी गाळलं?” भोंग्याने विचारलं.

“कुणीच नाही. नुसतं स्वस्थ बसलं होतं.”

“म्हणजे पाण्यालाही लोळायला लागतं, माझ्यासारखं!” चिमणी आज पहिल्यांदाच हसली.

मोर्चा तळघराकडे वळला. बाहेरून आलेलं पाणी तिथल्या टाकीत निवळायचं, मग वाळूच्या गाळणीतून घरोघरी जायचं. पण ही नवी टाकी अगदीच पिटुकली! आणि तिच्या शेजारी ऐसपैस पसरलं होतं टेबल-टेनिसचं टेबल. त्यावर मामांची बॅट.

“आपलं मुख्यालय आधी इथे होतं तर!” दुर्बीण पुटपुटली. “रात्री नळ बंद असतात, म्हणून पहाटेचं पाणी निवळलेलं. सकाळी सगळे नळ एकदम सुटले की पाण्याला इथे बूड टेकायलाही फुरसत नाही. आलं की निघालं! गाळणीत चहा भसकन ओतला तर पत्ती कपात येणारच ना?”

“पण मोठ्यांना पटणार कसं?”

पटवण्यासाठी मामीला सामील करून घ्यावं लागलं. तिच्याकडे केकचा गुलाबी रंग होता, आणि मामांवरचा बराच साठलेला रागही!

दुसऱ्या दिवशी मामीने जिने चढून-उतरून घरोघरी सांगितलं, “थोडा वेळ नळाचं पाणी पिऊ नका, वापरू नका. नळ मात्र आंघोळीच्या वेळी सोडता तसेच सोडून ठेवा.” फक्त एक घर वगळलं. स्वतःचं!

“टाकीवर कुणी वाकायचं नाही हं! रंग मी ओतते,” तिने तळघरात दरडावलं.

रंग पडला आणि तिघं सुसाट वर पळाली. दारात पोहोचतात तोच न्हाणीघरातून डरकाळी आली, “अगं ए! हे काय झालं?”

टॉवेल गुंडाळून मामा बाहेर आले. केस गुलाबी, कान गुलाबी, आणि मिशी तर अशी गुलाबी की बस्स! नेमके तेव्हाच चिमणीचे बाबा पिशवी घेऊन दारात उभे.

“काय मेहुणे, कुणाचं लग्न आहे का?” त्यांनी विचारलं.

“मामा,” दुर्बीण धापा टाकत म्हणाली, “रंग टाकीत पडला आणि तुमच्या मिशीपर्यंत पोहोचला, तरी आमचा दम अजून खाली बसला नाही. मग गाळ कधी बसणार?”

बाबांनी बरणी पाहिली, सगळं ऐकलं आणि विचारलं, “टाकी केवढी हवी, हे ठरवलंत कसं?”

“म्हणजे... टेबल मांडून जेवढी जागा उरली...”

“टेबलाचं माप घेतलंत,” मामी कडाडली, “आणि इमारतभर पाणी किती लागतं, त्याचं माप कुणी घ्यायचं?”

मामांनी चिमणीकडे पाहिलं. तिचा चेहरा सुकला होता. ते तिच्यासमोर मटकन बसले. “चुकलं गं माझं, चिमणे. उगाच तुला बोल लावला. तुम्हा तिघांपुढे मी हरलो बाबा!”

“शाबास पोरांनो!” बाबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “आता सगळ्यांनी पाणी उकळूनच प्यायचं. आणि माझी ही पिशवी रिकामीच परत जाणार!”

जुनी टाकी घासूनपुसून तळघरात परतली, वाळूही धुतली गेली. मामा आता ऐन आंघोळींच्या गर्दीत पेला उजेडात धरतात. टेबलाची रवानगी गच्चीवर झाली.

“पण आपलं मुख्यालय गेलं!” चिमणी हळहळली.

तिघं टेबलाखाली शिरली. भोंगा घसा खाकरून गरजला, “सभा सुरू!” आणि वाट बघत राहिला. “हॅ! इथे आवाजच घुमत नाही!”

“म्हणूनच तर ही जागा निवडली!” दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या.